वाळू-खडीसाठी कन्व्हेयर बेल्ट घेताय? आधी हे बघा
दादा, पहिलाच बेल्ट आहे तर नुसती रुंदी सांगून ऑर्डर देऊ नका, आधी मटेरियल बघा. वाळू घासून घासून रबर झिजवते आणि खडी वरून आदळून कापते, म्हणून खडीला वरचं कव्हर, म्हणजे वरचा रबराचा थर, 5-6 एमएम तरी घ्याच, खाली 2 पुरतं. डीआयएन झीज (चाचणीत घासून किती रबर जातं तो आकडा) किती ते विचारा, आकडा जितका कमी तितकं रबर टिकाऊ. प्लाय (बेल्टच्या आतले कापडाचे थर) उगाच वाढवू नका, जाड बेल्ट छोट्या पुलीवर नीट वळत नाही, थर सुटायला लागतात. आणि जॉइंट शक्यतो व्हल्कनाइज्डच (रबर एकजीव करून जोडलेला) करा, धातूच्या क्लिपने जोडलं तर फटीतून बारीक वाळू गळते, खालून बेल्ट परततो तिथल्या रिटर्न रोलरवर साचते न् बेल्ट एका बाजूला पळायला लागतो, मी रोज फावड्याने ती वाळू उपसलीय.