चप्पल आमची, मग वारली कुणाची?

प्रश्न: माझं राजारामपुरीत छोटं बुटीक आहे. मागच्या दिवाळीला कॉटनच्या कुर्त्यांवर वारली प्रिंट मारून घेतली, चित्रं नेटवरून उतरवली, प्रिंट सुरतेत केली, माल हातोहात गेला. आता नवीन लॉटला नागा शालीचं डिझाईन घ्यायचं मनात आहे. मुलगी पुण्यात शिकते, ती म्हणते आई हे कल्चरल अप्रोप्रिएशन आहे, म्हणजे दुसऱ्याची संस्कृती न विचारता उचलणं, इटलीच्या प्राडा कंपनीनं आपली कोल्हापुरी चप्पल ढापली तेव्हा तू पण स्टेटस ठेवलेलंस ना, मग तू वेगळं काय करतेस? राग आला पण उत्तर सुचलं नाही. दुसऱ्याचं काहीच वापरायचं नाही का आपण?

उत्तर: ताई, पोरगी हुशार आहे, आधी हे मान्य करा. आणि तुम्ही एकट्या नाही, तेव्हा अख्ख्या कोल्हापूरनं स्टेटस ठेवलेलं, मी पण.

पण आपण चिडलो नक्की कशावर ते आठवा. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये मॉडेल लोकं अंगठ्याची चप्पल घालून चालली, आणि माहितीत लिहिलं काय तर नुसतं 'लेदर सँडल'. गोऱ्या माणसानं कोल्हापुरी घातली म्हणून कोण चिडलंय का कधी? उलट अंबाबाईच्या दर्शनाला आलेला कुणी फॉरेनर पायात कर्र कर्र वाजवत निघाला की आपण फोटो काढतो. राग होता तो नाव गाळल्याचा. त्यात गंमत अशी की २०१९ मध्ये चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार मिळून, पण जीआय राखण करतो ती मुख्यतः नावाची. म्हणजे नाव घेतलं नाही तर कायद्यात अडकायची भीती कमी. हायकोर्टात याचिका गेली तीपण टिकली नाही, कारण ती करणारे जीआयचे मालक नव्हते.

पुढं कंपनीनं प्रेरणा इथलीच म्हणून कबूल केलं, जुलैत त्यांची माणसं इथं येऊन कारागिरांना भेटली, आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर करार झाला, २००० जोड इथल्याच कारागिरांकडून करून घ्यायचे, किंमत ८०० युरोच्या आसपास, म्हणजे ऐंशी हजाराच्या घरात. त्यातले कारागिराच्या हातात किती पडतील ते बघायचं, पण निदान नाव आलं, काम आलं.

आता जरा बोचरं बोलतो. तुमच्या पायातली जोडी कुणी केली ते सांगा बघू. चप्पल लाईनमधल्या दुकानाचं नाव सांगाल, बॉक्सवर तेच असतं. सुभाषनगरात घरात बसून चपलेची वेणी गुंफणाऱ्या बाईचं नाव ना बॉक्सवर, ना बिलावर. बाभळीची साल आणि हिरडा घालून कातडं कमावणाऱ्यांना गावानं पिढ्यानपिढ्या वेशीबाहेर ठेवलं, आणि इटलीवाल्यानं हात लावला तशी ती 'आपली संस्कृती' झाली. प्राडानं सहा महिन्यात केलं तेवढं आपल्या शोरूमवाल्यांनी कधी केलं का, हे विचारायला मला तरी तेव्हा सुचलं नव्हतं.

तर तुमच्या कुर्त्या. वारली ही मूळची पालघर, डहाणू, जव्हारकडची, गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढायची, लग्नाचा चौक, म्हणजे लग्नात काढायचं चौकोनी चित्र, तर सवाष्णीच काढायच्या, मधे पालघट देवी. पण ती भिंतीवरून कागदावर दुसऱ्या कुणी पळवून नेली नाही, जिव्या सोमा म्हसे आणि त्यांच्यासारख्या वारली चित्रकारांनी स्वतः आणली, म्हसेंना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये वारलीला जीआय पण आला. म्हणजे कुर्त्यावर वारली असण्यात पाप नाही. तुमची चूक आहे ती नेटवरून उतरवण्यात. चार चित्रं एखाद्या वारली चित्रकाराकडून काढून घ्या, त्याचे रीतसर पैसे द्या, तो म्हणाला तर कुर्त्याच्या टॅगवर त्याचं नाव टाका, पन्नास रुपये जास्त लावलेत तरी गिऱ्हाईक देईल. फक्त देवीचा चौक पलाझोवर मारू नका, आपण तरी अंबाबाई पलाझोवर छापू का?

नागा शालीचं मात्र सोडाच. नागांच्या जमाती वेगळ्या, शाली वेगळ्या, आणि त्यातल्या काही कमवायच्या असतात. आओ नागांची त्सुंगकोटेप्सू, मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर मिथुन (तिकडचा गव्यासारखा बैल), वाघ वगैरे काढलेली, ती एकेकाळी फक्त शत्रूचं मुंडकं आणणाऱ्यानं नाहीतर मिथुनाचा बळी देऊन मोठं जेवण घालणाऱ्यानंच पांघरायची. कोल्हापुरात सांगायचं तर एक कुस्ती न मारता चांदीची गदा खांद्यावर टाकून मिरवण्यासारखं आहे ते, आणि तुम्ही ती गदा डझनावारी विकायला काढणार! तिकडच्या बायका कमरेला पट्टा बांधून मागावर विणतात, त्यांच्याकडनंच, त्या विकायला ठेवतात तो माल आणा आणि विका की.

आणि काहीच वापरायचं नाही का म्हणता, तर मग आपल्याकडं उरेल काय? खासबागचं कुस्तीचं मैदान शाहू महाराजांनी बांधलं ते रोममधलं जुनं मैदान बघून, असं इथं जो तो अभिमानानं सांगतो, कुणी लपवत नाही. (म्हणजे इटलीशी आपला हिशोब तसा जुनाच आहे.) गवई अल्लादियाँ खाँसाहेब उत्तरेतनं महाराजांच्या दरबारात आले आणि त्यांचं गाणं इथं रुजलं, मराठी घरातल्या बायका ते शिकल्या, पण आजही त्या घराण्याचं कुणी खाँसाहेबांचं नाव घेताना आधी कानाची पाळी धरतं. तुमच्या मुलीला एवढं सांगा, कान धरायला आई तयार आहे म्हणावं.

प्रश्न: मुलाच्या लग्नाला त्याच्या ऑफिसमधली जर्मन मैत्रीण येणार आहे, तिला नऊवारी, नथ आणि मंगळसूत्र पण घालायचंय. आमच्या जाऊबाई नाक मुरडतायत.

उत्तर: जाऊबाईंनाच नेसवायला बसवा, नाक सरळ होईल. नऊवारी, चापाची नथ, चंद्रकोर, सगळं खुशाल. मंगळसूत्राचं मात्र तिला नीट समजावून सांगा की ते लग्न झालेल्या बाईचं लेणं आहे, नाहीतर मांडवात नवरा कोण म्हणून चौकशी सुरू होईल. कोल्हापुरी साज पण नको, तोही आपल्याकडं सवाष्णीचाच. ठुशी घाला, गोऱ्या गळ्यात काय उठून दिसेल! आणि पहिलीच वेळ आहे, सेफ्टी पिना जास्तीच्या ठेवा.