पुराआधी भरायची पिशवी

कोल्हापुरात पंचगंगाकाठी नवीन राहायला आला असाल, तर पिशवी जूनमध्येच भरून ठेवा. नदीची पातळी जिथे मोजतात त्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. घर सखल भागात असेल तर 39 लाच निघायचं, कारण 43 ची वाट बघेपर्यंत रस्ताच बंद झालेला असतो.

पिशवी पाठीवरचीच घ्या. बोटीत चढताना दोन्ही हात मोकळे लागतात.

सगळ्यात जास्त जपायचे ते कागद. आधार, रेशनकार्ड, सातबारा, पासबुक, विमा पॉलिसी. लॅमिनेशनवर विसंबू नका. कडा सुटली की पाणी आत शिरतं आणि शाई पसरते. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड पिळून दुमडा, रबर लावा आणि ती पिशवी उलटी करून दुसऱ्या पिशवीत घाला. फोटो काढून गावाबाहेरच्या नातेवाइकाला आधीच पाठवा.

रोजची औषधं किमान सात दिवसांची, चिठ्ठीसकट. इन्सुलिन बर्फाला चिकटवू नका, गोठलं की वाया जातं. माणशी रोज तीन लिटर पाणी धरा, पण पाठीवर एक दिवसाचंच घ्या. ओआरएस, चुरमुरे-फुटाणे, टॉर्च, भरलेली पॉवर बँक, शिट्टी, सुट्टे पैसे. नोटा दहा-पन्नासच्या असाव्यात. वीज गेली की यूपीआय आणि एटीएम दोन्ही बंद पडतात.

निघताना मेन स्विच पाडा, सिलिंडरचा रेग्युलेटर काढा. गोठ्यातली जनावरं आधीच उंचावर न्या. ते अगदीच जमलं नाही तर निदान दावी सोडा, बांधून ठेवून जाऊ नका. अडकलात तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला, म्हणजे 1077 ला फोन लावा.