आधी इथे, मग पुण्याला ट्रान्सफर

मी लातुरात समुपदेशन करते. बारावीचे निकाल लागले की माझ्याकडे एकच प्रश्न रांग लावून येतो. "मॅडम, पहिलं वर्ष इथे करू, मग पुणे विद्यापीठात ट्रान्सफर होईल ना?" जूनच्या पंधरवड्यात नऊ वेळा ऐकला, तेव्हा एकदाचं लिहायचं ठरवलं. नाव आणि खुणा बदलल्या आहेत.

स्वातीला नीटमध्ये ३१२ पडले. लातुरात किराणा दुकानदारालाही कट-ऑफ पाठ असतो, त्यामुळे पुढचं सांगायला नको. मेडिकल गेलं, आता बीएस्सी मायक्रोबायोलॉजी. वडील एसटीत कंडक्टर. त्यांचं म्हणणं, पोरगी एक वर्ष घरून कॉलेज करू दे. तिचं म्हणणं, एक वर्ष करते, पण पुढे पुणंच. बापलेकीचं एकमत होतं ते फक्त ट्रान्सफरवर. असं एकमत दिसलं की मी सावध होते. घरात न झालेला निर्णय बहुधा तिथेच दडवून ठेवलेला असतो.

"पण आता क्रेडिट बँक आहे ना मॅडम? सर म्हणाले, कुठूनही कुठेही जाता येतं."

बँक आहे. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२१ मध्ये तिचे नियम केले. विषय पूर्ण करून मिळवलेली क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, डिजिटल खात्यात जमा होतात, ७ वर्षांपर्यंत वापरता येतात, मात्र पदवी देणाऱ्या संस्थेत निदान निम्मी तरी मिळवावी लागतात. पण तुमच्या खात्यात क्रेडिट आहेत म्हणून पुण्यातल्या वर्गात बाक रिकामा होत नाही. दुसऱ्या वर्षाला जागा शिल्लक हवी, मेजर-मायनर म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषय जुळायला हवेत, एखादा विषय राहिला असेल तर आणखी फाटे. त्यातून निभावलं की टीसी, मायग्रेशन, एलिजिबिलिटीच्या चकरा.

वडील इतका वेळ प्रवेश अर्जाची पावती नोटेसारखी उभी दुमडून बोटांच्या बेचक्यात धरून बसले होते. म्हणाले, "म्हणजे आमच्या विनंती बदलीसारखं. अर्ज घेतात. जागा असली तर."

बावीस वर्षांत मला हे इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं. हल्ली मी सगळ्यांना त्यांचंच वाक्य ऐकवते.

पुढच्या भेटीला स्वाती एकटी आली. मी कागद पुढे केला. "मनात जसं येतं तसं एक वाक्य लिही."

तिने लिहिलं, 'मला पुण्यातच शिकायला मिळालं पाहिजे, नाहीतर माझं काहीच होणार नाही.'

मी दोन्ही 'च'ला गोल केला. 'असंच झालं पाहिजे' हा हट्टच माणसाला छळतो म्हणणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांवर मी वाढलेली. माणसाला छळणारा अर्धा हट्ट मराठीत या एका अक्षरात मावतो, हे माझं लाडकं मत आहे. सहकारी त्यावरून चिडवतात, चिडवू देत.

"आता 'च' काढून वाच."

तिने वाचलं. 'काही होणार नाही'पाशी अडखळली. मग हसली. "मॅडम, काहीतरी तर होईलच की." हा 'च' मी राहू दिला.

"बरं, पुण्यात काय आहे?"

"कंपन्या, क्लासेस, लायब्ररी."

"आणि काय नाही?"

पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं. बाहेर ट्यूशनच्या पोरांच्या सायकली वाजत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तिथे कुणी मला किती पडले ते विचारणार नाही."

मी काही बोलले नाही. खरं तर मलाच ओशाळल्यासारखं झालं होतं. दोन भेटी मी विद्यापीठांची तुलना करत बसले, आणि ही विद्यापीठ निवडत नव्हतीच. तिला तिचा आकडा माहीत नसलेलं एक गाव हवं होतं. गाव बदलावंसं वाटण्यात गैर काही नाही. पण त्यासाठी तीन वर्षांची आखणी एका रिकाम्या बाकाच्या भरवशावर कशी सोडायची?

म्हणून मी आता सगळ्यांना म्हणते, ट्रान्सफर होणारच नाही असं धरून कॉलेज निवडा. झाली तर बोनस. खरा सांधा पदवीनंतर आहे. आयआयटीत एमएस्सीला जॅम, केंद्रीय विद्यापीठांना सीयूईटी-पीजी. या परीक्षा देताना तुमची बीएस्सी नांदेडच्या विद्यापीठाची (लातूरची कॉलेजं त्याच्याच अखत्यारीत) की पुण्याच्या, याने मार्क वाढत नाहीत. एमपीएससीलाही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी लागते, गाव लागत नाही. उलट बीएस्सी संपताच नोकरी धरायची असेल तर पुण्याचं पारडं जड, हेही कबूल करते. हडपसरकडे लशींच्या, औषधांच्या कंपन्या हाकेवर असणं वेगळं. पण मग घरच्यांशी भांडून पहिल्या वर्षापासूनच जावं. पहिलं वर्ष इथे काढून मग बघू, हा मधला मार्ग मला सगळ्यांत महाग वाटतो. शरीर एका वर्गात, मन दुसऱ्या गावात, आणि पहिल्या सेमिस्टरचा बोऱ्या.

स्वातीला मी घरचा अभ्यास दिला, कॉलेजची लॅब स्वतः पाहून यायची. तिने वहीत लिहून आणलं: मायक्रोस्कोप चौदा, तीन कव्हरमध्ये, कव्हरवर धूळ. दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारलं, प्रॅक्टिकल खरंच होतात का. होतात, म्हणाल्या, मॅडम कडक आहेत. आठवड्याभराने तिने लातूरलाच प्रवेश घेतला. एमएस्सीला बाहेर, हे वडिलांकडून आधीच कबूल करून घेतलं.

दिवाळीत तिचा मेसेज आला. "मॅडम, मामीने सगळ्यांसमोर विचारलं, नीटला किती पडले. ३१२ म्हणाले. मग चकल्या तळल्या."