'ऑनलाईनच्या भावात बसवून देतो' म्हणजे नक्की किती?

तुमची पोस्ट वाचली आणि २०२३ च्या दिवाळीतला मीच समोर उभा राहिलो. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तुमचं असं झालंय: आठ किलोचं फ्रंट लोड वॉशिंग मशीन ऑनलाईन ३२,९९० ला दिसतंय. दुकानात आधी ३६,५०० सांगितले. तुम्ही मोबाईलवर भाव दाखवल्यावर सेल्समन म्हणाला, 'ऑनलाईनच्या भावात बसवून देतो.' मग त्याने हिशेब मांडला: बिल ३६,००० चं, त्यातले २,००० कार्डाच्या कॅशबॅकने येतील, १,००० चं आमचं व्हाउचर, म्हणजे तुम्हाला मशीन पडलं ३३,००० ला. घेऊ का, असं तुम्ही विचारताय.

या पद्धतीने नका घेऊ. मशीन चांगलं असेल, दुकानही चांगलं असेल, पण हा हिशेब चांगला नाही.

चार दुकानं फिरा, रिव्ह्यू वाचा वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्ही केलेलं दिसतंय. मी कुठे आपटलो तेवढं सांगतो.

मला ५५ इंची टीव्ही घ्यायचा होता. ऑनलाईन ५२,४९०, दुकानात ५८,९९०. तासभर घासाघीस झाली, बायको दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आली (हे आमचं ठरलेलं असतं), शेवटी सेल्समनने स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड काढलं, मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने '५२,५००' लिहिलं आणि भोवती दोन गोल काढले. मी खूश. साडेसहा हजार पाडले म्हणून घरी फोनही केला.

बिल झालं ५७,५०० चं. ३,००० बँकेकडून ९० दिवसांत कॅशबॅक, २,००० चं दुकानाचं व्हाउचर. 'सर, इफेक्टिव्ह तेवढंच पडतंय ना!' वसुबारसेची संध्याकाळ, काउंटरवर ही गर्दी. ज्या स्वाइप मशीनवर टीव्हीचा सीरियल नंबर टाकून ऑफर लावायची असते, त्यावर रांग होती. पोरगा म्हणाला, 'त्याला नेटवर्क नाहीये, यावर करतो,' आणि शेजारच्या दुसऱ्याच मशीनवर माझं कार्ड लावलं. मी पिन टाकला. माझं नुकसान झालं ते त्या चार आकड्यांत, पण तेव्हा कळायला मार्ग नव्हता.

फेब्रुवारी उलटला तरी कॅशबॅक नाही. बँकेच्या कॉल सेंटरने सांगितलं, तुमचा व्यवहार ऑफरमध्ये नोंदलेलाच नाही, दुकानाला विचारा. दुकान म्हणालं, ऑफर कंपनीची आहे. कंपनी म्हणाली, कॅशबॅक बँक देते. शाखेत गेलो तर कार्डाचा विभाग वेगळा, ईमेल करा. ईमेल केला की सात दिवसांनी उत्तर यायचं, दरवेळी नवा तिकीट नंबर आणि दरवेळी मागणी तीच, चार्जस्लिपची (स्वाइप मशीनमधून निघते ती पावती) प्रत. अशी चार तिकिटं झाली. शेवटी फाइल घेऊन पुन्हा शाखेत गेलो, प्लॅस्टिकच्या कव्हरातून चार्जस्लिप काढली, तर पांढरीफटक. थर्मल कागद, शाई उडून गेलेली. काउंटरवरच्या बाईंनी ती ट्यूबलाइटसमोर धरून बघितली, मग माझ्याकडे बघितलं. तारीखसुद्धा वाचता येईना. आता कळतं की ती वाचता आली असती तरी तिच्यावर ऑफरची ओळ नव्हतीच. पण हे एका वाक्यात पहिल्याच दिवशी सांगायला त्या बँकेचं काय जात होतं? नाव घेत नाही, पण अजूनही त्यांच्या नव्या कार्डासाठी फोन आला की माझा आवाज चढतो.

व्हाउचरची कथा छोटी आहे. मुदत ३० दिवस, आणि १०,००० च्या वरच्या खरेदीवरच चालणार. मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं होतं.

दुकानात परत गेलो तेव्हा तो पोरगा नोकरी सोडून गेला होता. मॅनेजरने व्हिजिटिंग कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, 'यावर सही कुठाय?' मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. त्यांनी ती दुकानाकडे पाठवली. दुकानाने उत्तर दिलं की बिल ५७,५०० चं आहे आणि ग्राहकाने ते मान्य करून भरलं आहे. तक्रार बंद. हेल्पलाइनला दोष देत नाही, ते मध्यस्थी करतात, हुकूम देत नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगात जाता आलं असतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. पण माझ्या हातात होतं काय? दोन गोल काढलेलं कार्ड.

पाच हजार गेले त्याहून जास्त राग आला तो एक गोष्ट उशिरा लक्षात आली म्हणून. ऑनलाईनचा ५२,४९० हा भाव कार्डाच्या सवलतीच्या आधीचा होता! त्याच बँकेच्या कार्डावर तिथेही ३,००० सुटत होते, तेही पैसे भरतानाच. म्हणजे खरी बरोबरी करायची तर दुकानाने बिलच ५२,४९० चं करायला हवं होतं, आणि कार्डाचे ३,००० त्यावर वेगळे. दुकानाने माझ्याच कार्डाची सवलत वापरून स्वतःच्या आणि ऑनलाईनच्या भावातली फट बुजवली आणि वर मला वाटलं मी जिंकलो. तुम्ही आत्ता पहिल्यांदा हेच तपासा: तो ३२,९९० कार्ड ऑफरच्या आधीचा आहे की नंतरचा? जुनं मशीन एक्स्चेंज धरून दाखवलेला तर नाही ना? तुमच्या पिनकोडवर मिळतोय ना? कार्ड ऑफरच्या आधीचा असेल, तर दुकान तुम्हाला बरोबरीच्या भावात देतच नाहीये.

म्हणून माझा आता एकच प्रश्न असतो, सेल्समन कितीही आकडेमोड करो: 'आज माझ्या खात्यातून किती जाणार, आणि बिलावर किती लिहिणार?' हे दोन्ही आकडे एकच असले पाहिजेत, घासाघीस त्याच आकड्यावर. कॅशबॅक मिळाला तर मिळाला, बोनस समजायचा. घ्यायचाच असेल, तर स्वाइप झाल्यावर चार्जस्लिपवर ऑफरची रक्कम छापून आलीय का ते काउंटरवरच वाचा, उभ्याउभ्या फोटो काढा. आणि ठरलेला भाव, मॉडेल नंबर, इन्स्टॉलेशन फुकट की नाही, हे दुकानाच्या व्हॉट्सॲप नंबरवरून मागवून घ्या. 'हो सर, पाठवतो' म्हणाला तर तिथेच थांबा, मेसेज येईपर्यंत.

आता थोडं दुकानाच्या बाजूने. माझा मावसभाऊ काही वर्षं शोरूमला होता, हे त्याच्याकडून ऐकलेलं, सगळीकडे असंच असेल असं नाही. दुकानदाराच्या डोक्यात तीन आकडे असतात. एमआरपी, जी नुसती वरची मर्यादा आहे. 'एमआरपीवर ४० टक्के सूट' या पाटीकडे ढुंकूनही बघू नका. दुसरा एमओपी, म्हणजे ज्या भावाखाली विकू नये अशी कंपनीची अपेक्षा असते तो. तिसरा लँडिंग, सगळ्या स्कीम वजा जाता त्याला पडलेला भाव. आपली घासाघीस शेवटच्या दोघांच्या मधल्या जागेत चालते, आणि ती जागा मॉडेलगणिक वेगळी. महिनाअखेरीला टार्गेट भरायचं असेल तर ती एकदम रुंद होते. कंपनीचा टी-शर्ट घातलेला प्रमोटर भाव ठरवत नाही, त्याच्याशी तासभर डोकं लावू नका. माहिती त्याच्याकडून घ्या, भाव फ्लोअर मॅनेजरशी बोला. आणि मालक स्वतः गल्ल्यावर बसतो असं दुकान असेल तर सोन्याहून पिवळं. साखळी दुकानात 'सिस्टीम घेत नाही' हे उत्तर ऐकावं लागतं, मालकाची सिस्टीम त्याच्या डोक्यात असते. हे माझं मत, अनेकांना पटणार नाही.

एकरकमी पैसे देणार असाल तर तेही बोलून दाखवा. नो कॉस्ट ईएमआयमध्ये बँक व्याज लावतेच, तेवढी रक्कम कंपनी किंवा दुकान सूट म्हणून सोसतं. (व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मात्र बहुधा आपल्याच माथी, म्हणून 'नो कॉस्ट' हे नाव जरा जपूनच घ्या.) मी ईएमआय घेत नाहीये, तर ती सूट मला बिलात द्या, असं म्हणायचं. तो भार कंपनीचा असेल तर दुकानदार खरंच काही करू शकत नाही, पण विचारायला काय जातं. क्रेडिट कार्डाऐवजी यूपीआयने देतो म्हटलं तरी कार्डावर त्याचं जे शुल्क जातं ते वाचतं, त्यातले थोडेफार सुटू शकतात. फक्त 'बिल नको असेल तर आणखी कमी करतो' याला भुलू नका. पक्कं बिल, त्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर, नाहीतर वॉरंटीच्या वेळी तुम्ही आणि तुमचं नशीब.

तुमच्या पोस्टमधलं आणखी एक वाक्य खटकलं. सेल्समन म्हणाला, 'जीएसटी कमी झालाय, भाव आधीच उतरवलाय, आता आणखी नाही होणार.' वॉशिंग मशीनवरचा जीएसटी जुलै २०१८ पासून १८ टक्केच आहे, फ्रिजचंही तेच. २२ सप्टेंबर २०२५ ला २८ चा १८ झाला तो एसी, डिशवॉशर आणि ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवर. म्हणजे तुमच्या मशीनवर काहीही उतरलेलं नाही. हे त्याला शांतपणे सांगा आणि चेहरा बघा. (एसी घेणाऱ्यांसाठी: कर दहा टक्क्यांनी उतरला म्हणून किंमत दहा टक्क्यांनी उतरत नाही. १२८ चे ११८ होतात, म्हणजे ४०,००० ची वस्तू ३६,८७५ ला यायला हवी.)

वेळेबद्दल. साडेतीन मुहूर्तांना घासाघीस करायला जाऊ नये. त्या दिवशी दुकानदाराला तुमची गरज नसते, तुमच्यामागे दहा जण उभे असतात. मी आता पितृपंधरवड्यात जातो. दुकानात चिटपाखरू नसतं, मॅनेजर स्वतः चहा मागवतो. आईला पटत नाही, म्हणून मध्यम मार्ग काढलाय: भाव ठरवून थोडे पैसे पक्षात भरायचे, पक्कं बिल आणि डिलिव्हरी घटस्थापनेला. तिला मुहूर्त मिळतो, मला भाव. बुकिंगच्या पावतीवर पूर्ण भाव लिहून घ्या एवढंच.

मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. ऑनलाईनसाठी वेगळं आणि दुकानांसाठी वेगळं मॉडेल बऱ्याच कंपन्या काढतात. फरक कधी नुसता रंगाचा असतो, कधी आत हीटर नसतो. दुकानदार 'ते ऑनलाईनचं मॉडेल वेगळं आहे' म्हणाला तर तो दरवेळी थाप मारत असतो असं नाही. डेमो पीसच्या मागच्या स्टिकरचा फोटो घ्या आणि घरी जाऊन दोन्ही पानं शेजारी उघडा.

मी दुकानदार नाही, वकील नाही, सीए तर नाहीच. एका टीव्हीवर पोळलेला माणूस आहे, त्यामुळे ताक जरा जास्तच फुंकत असेन. शहरागणिक आणि दुकानागणिक अनुभव वेगळा येऊ शकतो.

तुमच्या जागी मी असतो तर उद्या त्याच दुकानात जाऊन सरळ म्हटलं असतं: बिल ३३,५०० चं करा, आत्ता यूपीआय करतो, व्हाउचर तुमचं तुम्हाला ठेवा. ऑनलाईनपेक्षा पाचशे जास्त देतोय हे मुद्दाम ऐकवायचं. उद्या ड्रम खडखडला तर ओरडायला समोर माणूस हवा म्हणून मी तेवढे देतो. तयार झाला नाही तर उठा, दारापर्यंत जा. नाहीच बोलावलं तर ऑनलाईन आहेच.

हो, आणि मशीनखालचा स्टँड आणि कव्हर त्यातच मागा. पैसे देण्याआधी मागा, नंतर देत नाहीत.