रत्नागिरीत बँकेत नोकरीला आहे. शर्ट-कुर्त्यावर स्कार्फ कसा बांधू, की उकडणार नाही आणि गाठही सुटणार नाही?

साधारण ७० सेंटीमीटरचा चौकोनी मलमलचा स्कार्फ घ्या आणि गळ्याशी सपाट दुहेरी गाठ मारा. स्कार्फ टेबलावर पसरा, समोरासमोरची दोन टोकं मध्यावर आणा आणि दोन्ही बाजूंनी दुमडत चार-पाच सेंटीमीटरची पट्टी करा. अशी तिरकी घडी थोडी ताणली जाते, म्हणून मानेला आवळत नाही. पट्टी कॉलरखालून घ्या. आधी उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून. दोन्ही वेळा उजवंच वरून घेतलं तर गाठ आडवी न बसता उभी फिरते आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत सैल होते. बहुतेकींचं इथेच चुकतं. गाठ आणि गळा यांत दोन बोटं जातील एवढी जागा ठेवा. गाठ किंचित बाजूला सरकवली की आयकार्डाच्या पट्ट्यात अडकत नाही.

सॅटिन-पॉलिएस्टर आपल्या दमट हवेत नकोच. घाम शोषला जात नाही, कापड मानेला चिकटतं आणि गुळगुळीत असल्याने गाठही सुटते. रेशमावर घामाचे डाग राहतात. लांब स्कार्फ दुमडून फासात ओवायची पद्धत दिसते छान, पण गळ्याभोवती दुप्पट थर होतो. एसी असेल तरच. स्कूटरवर तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ तोच ऑफिसात नको, पावसाळ्यात तर नाहीच.

एक मात्र, बँकेच्या कामानिमित्त काजू किंवा मासळीच्या कारखान्यात यंत्राजवळ जायचं असेल तर स्कार्फ काढूनच ठेवा.