जपानी-कोरियन ऐतिहासिक मालिकांत सगळे इतके गोरेपान का? तेव्हा खरंच गोरेपणाचं वेड होतं की ही आजची फॅशन?

वेड होतं, आणि ते युरोपियन लोक तिकडे पोचण्याच्या कितीतरी आधीपासून. त्यामुळे 'पाश्चात्त्यांची नक्कल' म्हणणं चूक. इ.स. 692 मध्ये एका बौद्ध भिक्षूने शिशापासून पांढरी पूड बनवली म्हणून जपानच्या सम्राज्ञी जितोने त्याला बक्षीस दिल्याची नोंद आहे. 'गोरा रंग सात दोष झाकतो' ही तर तिथली जुनी म्हणच.

पण पडद्यावर दिसतं ते अर्धंच. जपानच्या हेइआन काळात (794-1185) दरबारी बाई चेहऱ्याला पांढरा लेप लावायची, भुवया उपटून कपाळावर वर काजळीचे दोन ठिपके काढायची आणि लोखंड-व्हिनेगरच्या पाण्याने दात काळे करायची. पडद्याआड, तेलाच्या दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात तो पांढरा चेहरा उठून दिसत असणार. आजच्या नायिकेला काळे दात कोण देणार? (आपल्याकडेही दातवण लावून दात काळे करणाऱ्या आज्या होत्याच की.) म्हणून मालिकावाले गोरेपणा ठेवतात, बाकीचं गाळतात.

खरी गफलत मला वाटते ती शेतकरी, सैनिक आणि मोलकरणींच्या बाबतीत. दिवसभर भाताच्या चिखलात वाकलेली बाई राजकन्येइतकीच तुकतुकीत गोरी? उन्हात रापायचं नाही ही चैन घरात बसून राहणाऱ्यांनाच परवडायची, आणि गोऱ्या रंगाची प्रतिष्ठा बरीचशी त्यातूनच आलेली. सगळ्यांनाच गोरं केलं की तो फरकच पुसला जातो.