गेलेल्या दादावर कविता लिहायला बसतोयस, तर एवढं कर

वही साधी घे, पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळते तशी शंभर पानी. भारीतली घेतलीस तर खाडाखोड करायला हात धजावत नाही. रोज पंधरा-वीस मिनिटं, सलग चार दिवस लिही. उठल्यावर थोडं जड वाटेल, ते बहुधा तास-दोन तासांत ओसरतं. म्हणून झोपायच्या तोंडावर लिहू नकोस.

सुरुवातीला बहुतेक जण 'वेदना', 'अश्रू', 'काळोख' लिहितात आणि यमकाच्या मागे लागून म्हणायचं तेच बदलून टाकतात. त्यापेक्षा वस्तू लिही: त्याचा पीएमपी बसचा पास, हेल्मेटचा उसवलेला पट्टा.

'मी फोन उचलला असता तर...' हे डोक्यात फिरत असेल, तर पानावर मधोमध रेघ मार. डावीकडे त्या दिवशी तुला काय माहीत होतं, उजवीकडे आज काय माहीत आहे. ती ओळ कुठे बसते ते बघ, बहुधा उजवीकडेच. कविता डावीकडून सुरू कर.

स्टेटसला महिनाभर काही टाकायचं नाही. वृत्त-बित्त नंतर बघू.

स्वतःला इजा करावीशी वाटली तर मात्र वही मिट, घरच्या मोठ्यांना लगेच सांग किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लाव. फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.